फिरत्या घराची खबरबात : सुलतानाच्या डाकेपासून ऊसतोडीच्या मोबाइलपर्यंत

मोटारहोम घेऊन देश पालथा घालणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ हल्ली आवडीने पाहिले जातात. गाडीतच झोपायचे, गाडीतच रांधायचे आणि गाडीत बसूनच ऑफिसचे काम उरकायचे. या मंडळींची सगळ्यात मोठी चिंता डिझेलची किंवा पाण्याची नसते, रेंजची असते. मग दोन कंपन्यांची सिमकार्डे, छतावर अँटेना, सोलर पॅनल असा जामानिमा केला जातो. चालत्या घरात इंटरनेट कसे टिकवावे, यावर तासतासभर चर्चा चालते.

बीड जिल्ह्याला फिरते घर नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई, परळीच्या गावांतून हजारो संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. पीठमीठ, चूल, भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि कडेवरचे पोर. पुढचे पाच-सहा महिने हेच घर. त्यांनाही मागे राहिलेल्या माणसांशी जोडलेले राहायचे असते. त्यांच्या रेंजची चर्चा मात्र फारशी होत नाही.

प्रवासात असलेल्या माणसाने खबर कशी द्यावी आणि कशी घ्यावी, हा प्रश्न या मुलखात किमान सातशे वर्षे जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. प्रश्न कायम तंत्राइतकाच मालकीचाही होता.

सुलतानाचा दात आणि मृत्यूची अफवा

बीडजवळ दाताची कबर आहे. मुहंमद बिन तुघलकाच्या दाताची. वरंगलच्या मोहिमेत लष्करात साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि त्याला माघारी फिरावे लागले. ही घटना १३३५च्या सुमाराची. परतीच्या वाटेवर बीडला त्याचा दात काढला गेला, तो समारंभपूर्वक पुरला गेला आणि त्यावर घुमट बांधला गेला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. या कथेकडे आपण सुलतानाच्या लहरीचा नमुना म्हणून पाहतो आणि हसून सोडून देतो.

पण त्याच प्रवासात आणखी एक गोष्ट घडली. सुलतान वाटेत आहे, आजारी आहे, त्याची नेमकी खबर कुणाकडे नाही. साहजिकच तो मेल्याची अफवा उठली. इब्न बतूता लिहितो की, या अफवेवर विश्वास ठेवून मलिक होशंग नावाचा सरदार दौलताबाद सोडून निघून गेला. दौलताबाद आणि कोकणातले ठाणे यांच्यामधल्या डोंगरी मुलखातल्या एका राजाचा त्याने आश्रय घेतला. पुढे सुलतान जिवंत असल्याचे कळले, प्रकरण मिटले, त्याला माफी मिळाली. काही दिवस खबर तुटली तर एवढ्या बलाढ्य सल्तनतीत काय होऊ शकते, हे यातून दिसते.

वास्तविक तुघलकाकडे त्या काळातली जगातली एक उत्तम डाक होती. १३२७ मध्ये त्याने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला. दिल्लीपासून हा चाळीस दिवसांचा रस्ता. दोन शहरे जोडलेली ठेवायची तर टपालावाचून गत्यंतर नव्हते. अरब लेखक अल-उमरी सांगतो की, या दोन राजधान्यांच्या दरम्यान डाकेच्या टप्प्यांवर नगारे ठेवलेले असत. एका ठिकाणी नगारा वाजला की पुढचा वाजवायचा. शहराचा दरवाजा उघडला की मिटला, ही बातमी अशी नगाऱ्यावरून पुढे जाई.

घुंगरांची काठी

या डाकेचे तपशीलवार वर्णन इब्न बतूताने करून ठेवले आहे. मोरोक्कोच्या तंजा शहरातला हा फकीह सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला. हिंदुस्थानात त्याने पहिल्यांदा पाहिलेल्या नवलाईच्या गोष्टींपैकी एक म्हणजे इथली बरीद, म्हणजे टपाल.

डाक दोन प्रकारची होती. एक घोड्यांची, दर चार मैलांवर घोडा बदलणारी. दुसरी पायी धावणाऱ्यांची. एका मैलात तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यावर माणसे कंबर कसून तयार. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याची घुंगरे. तो जीव तोडून धावतो, घुंगरांचा आवाज ऐकून पुढचा उठतो, पत्र हातात घेतो आणि सुटतो. ही पायी डाक घोड्याच्या डाकेपेक्षाही वेगवान होती. सिंधमधून दिल्लीला जायला पन्नास दिवस लागत, पण खबर पाच दिवसांत पोहोचत असे. खुरासानची फळे अशीच सुलतानाच्या दस्तरखानावर येत. तो दौलताबादला असला की पिण्यासाठी गंगेचे पाणीही याच मार्गाने येई.

आणखी एक काम ही डाक करी. परका माणूस हद्दीत आला की तो दिसतो कसा, कपडे कोणते घालतो, सोबत नोकर किती, जनावरे किती, वागतो कसा, हे सगळे लिहून सुलतानाकडे रवाना होई. इब्न बतूता दिल्लीत पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याची माहिती पोहोचलेली होती. म्हणजे जोडणारी यंत्रणा आणि पाळत ठेवणारी यंत्रणा एकच होती.

आता या प्रवाशाची स्वतःची कहाणी पाहा. १३४८ मध्ये परतीच्या वाटेवर तो दमास्कसला आला. तिथे त्याला आपल्याच गावाकडचा एक आलिम भेटला. त्याच्याकडून कळले की, वडील जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत. हिशेब केला तर साल येते १३३३ च्या आसपासचे. म्हणजे ज्या सुमारास तो सिंधूच्या काठी जगातली वेगवान डाक पाहून थक्क होत होता, त्याच सुमारास त्याचे वडील तंजात वारले होते. आई हयात असल्याचेही त्याच आलिमाने सांगितले. तो घराकडे निघाला. पण घर गाठण्याआधीच वाटेत कळले की आईही प्लेगमध्ये गेली.

सुलतानासाठी खरबूज हिंदुकुश ओलांडून येऊ शकत होते, पण दिल्लीच्या काझीला वडिलांच्या मौतीची खबर पंधरा वर्षे मिळाली नाही. तंजापर्यंत हिंदुस्थानची डाक जात नव्हती, हे खरे. पण मुळात ती डाक दरबाराच्या कामासाठी होती. तिच्या मार्गावर राहणाऱ्या रयतेलाही तिचा उपयोग नव्हता. रोज घुंगरे ऐकणाऱ्या गावकऱ्याचे पत्र त्या थैलीत कधी पडले नसेल.

तंबूत जन्मलेली पिढी

यानंतर साडेतीनशे वर्षांनी दख्खनने याहून मोठे फिरते घर पाहिले. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. मधली पंचवीस वर्षे मुघल राजधानी तंबूत होती. जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याच्या छावणीत गेला होता. छावणीचा घेर तीस मैलांचा असल्याचे तो लिहितो.

या चालत्या शहराचीही डाकचौकी होती. प्रांताप्रांतांतून वाकियानवीस बातम्या पाठवत. दरबारात रोज काय घडले याची टिपणे, म्हणजे अखबारात, राजेरजवाड्यांचे वकील आपापल्या धन्याला धाडत. त्या कागदांचे गठ्ठे आजही बिकानेरच्या अभिलेखागारात आहेत. बादशहा कधी उठला, कुणाला खिलअत दिली, कुणाची मनसब कापली, हे आपल्याला तारीखवार सांगता येते.

छावणीतल्या शिपायाचे काय? भीमसेन सक्सेना हा कायस्थ कारकून त्या लष्करात वावरला. आपल्या ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ या फारसी ग्रंथात तो खंत करतो की, कित्येकजण तंबूतच जन्मले, तंबूतच म्हातारे झाले, पक्के घर त्यांनी पाहिलेच नाही. अशा माणसांच्या घरच्या खबरबातीचे अखबारात कुणी लिहिले नाही. येणारा-जाणारा व्यापारी, फकीर, रजेवर निघालेला गाववाला हीच त्यांची डाक. मराठ्यांकडे जासूद आणि कासीद जोडीने धावत, पण तेही सरकारी किंवा सावकारी कामाचे. कासीद, जासूद, खबर, चौकी हे शब्द मराठीत मुरले. त्यामागची सोय सामान्यांच्या वाट्याला आली नाही.

चार लिपींचे तिकीट

ती सोय आली तिकिटाच्या टपालाने. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली. पुढच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिपी दिसतात. ज्या राज्याला केवळ उर्दूचे म्हणून ओळखले जाते, त्याच्या तिकिटावर मराठी होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पैसे भरले की कुणाचेही पत्र जाऊ लागले. बतूताच्या काळाच्या तुलनेत ही क्रांती होती.

तरी एक भिंत होती. निजामाचे तिकीट निजामाच्या हद्दीतच चाले. शेजारचा अहमदनगर जिल्हा इंग्रजांचा. आष्टीहून हैदराबाद कितीतरी लांब, पण पत्रासाठी ते घरचे. नगर शेजारी, पण पत्रासाठी परमुलूख. तिकडे लिहायचे तर इंग्रजी टपालाची वाट धरावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले आणि १ एप्रिल १९५० पासून त्याचे टपालही भारतीय टपालात मिसळून गेले.

फडावरचा फोन

१९७२च्या दुष्काळानंतर बीडमधून ऊसतोडीचे स्थलांतर फार वाढले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि थेट कर्नाटकातल्या बेळगावपर्यंत टोळ्या जाऊ लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचे. ‘मुकादम’ हा शब्दही अरबीतून आलेला, अर्थ ‘पुढे असलेला’.

या माणसांना पत्ता नसतो. आज या फडावर, चार दिवसांनी दुसऱ्या. पत्र पाठवायचे तर कारखान्याच्या नावाने, मुकादमाच्या मार्फत. लिहायला आणि वाचायलाही दुसरा माणूस लागे. तार आली की उघडण्याआधीच रडारड सुरू होई, कारण तार म्हणजे कुणीतरी गेले. १९९०च्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहिले. गावात एका दुकानात फोन, तिथे ‘अमक्याला बोलावून आणा’ असा निरोप, आणि दहा मिनिटांनी पुन्हा कॉल.

मोबाइल आला तरी लगेच गरिबाचा झाला नाही. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले, तेव्हा कुठे तो कोयत्यापर्यंत आला. मग मिस्ड कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. पण इथेही निजामाच्या तिकिटासारखी हद्द होती. मोबाइल कंपन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा एक सर्कल, कर्नाटक दुसरे. टोळी कोल्हापूरला गेली तर घरचा फोन फुकट घेता येई; बेळगावकडे गेली की रोमिंग, आणि आलेल्या फोनलाही पैसे. बरीच वर्षे मजूर सीमेपलीकडे गेला की त्याचे घर महाग होत असे. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि पाठोपाठ रोमिंगची ही भिंतही पडली.

आज खोपीवर हाताएवढे सोलर पॅनल दिसते. दिवसभर ऊस तोडून आलेली आई गावाकडे आजीजवळ ठेवलेल्या लेकराशी व्हिडिओ कॉलवर बोलते. टोळ्यांमध्ये मुस्लीम कुटुंबेही असतात. गेली काही वर्षे रमजान ऐन तोडणीत येतो. चंद्र दिसल्याची खबर आता फडावरही त्याच मिनिटाला पोहोचते.

२०२० मध्ये या फोनची किंमत कळली. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा लाखभराहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. जिल्ह्याच्या सीमा बंद. त्यांनी फोनवरून घरच्यांना, पत्रकारांना, पुढाऱ्यांना आपली हालत कळवली. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला. तुघलकाच्या काळात रस्त्यात अडकलेल्या रयतेची हाक दरबारापर्यंत गेली नसती.

दोरीचे दुसरे टोक

म्हणून सगळे छान झाले, असे समजायचे कारण नाही. बतूताने पाहिलेल्या डाकेचे दुसरे रूप आजही आहे. ज्या फोनवर लेकरू दिसते, त्याच फोनवर मुकादमाचा पहाटे तीनला कॉल येतो : गाडी भरायला या. उचल घेतलेला माणूस कुठे आहे, हे शोधणेही त्यामुळेच सोपे झाले आहे. घरात फोन बहुतेकदा एकच आणि तो पुरुषाच्या खिशात. बाईला माहेरी बोलायचे तर मागून घ्यावा लागतो.

दुसरीकडे सरकारी हक्क नेटवर्कला बांधले गेले आहेत. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेने स्थलांतरिताला कुठल्याही दुकानात धान्य मिळण्याची सोय झाली. पण त्यासाठी अंगठा यंत्राने ओळखावा लागतो आणि यंत्राला रेंज लागते. कोयत्याने झिजलेला अंगठा आणि आडरानातली रेंज, दोन्हींचा भरवसा नाही. कोरोनात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सरकारने म्हटले. फडावरच्या पोराचे शिक्षण मात्र बापाच्या फोनच्या चार्जिंगवर अवलंबून होते. तो फोन दिवसभर बापासोबत उसात.

मोटारहोमवाला रेंजसाठी पैसे मोजू शकतो, गाडी वळवून टॉवरखाली नेऊ शकतो. टोळीला फड निवडता येत नाही. म्हणून तिच्यासाठी ही व्यवस्था कारखान्याने आणि सरकारने करायची असते. कामगारांच्या तळावर वीज, चार्जिंगची जागा आणि वायफाय देणे कारखान्याला अवघड नाही. त्याच्या ऑफिसात ते सगळे असतेच. रेशनच्या यंत्राला रेंज नसेल तर धान्य नाकारू नये, वहीत नोंद करून द्यावे. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहे गावातच नीट चालली, तर आईला व्हिडिओ कॉलवर पोराचा अभ्यास घ्यावा लागणार नाही.

दिवाळीनंतर पुन्हा ट्रॉल्या निघतील. बीडहून पाटोद्याच्या किंवा मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागणाऱ्या त्या गाड्यांमध्ये आता प्रत्येक घरात एक तरी फोन असेल. इब्न बतूताला जे पंधरा वर्षांनी कळले, ते त्यांना पंधरा सेकंदांत कळेल. मात्र वडील गेल्याची खबर मिळाल्यावर फड सोडून मातीला जायची मुभा त्यांना आहे का, हे अजूनही उचलीच्या हिशेबावर ठरते.