अंड्यात कोण आहे?

मागच्या मे महिन्यात वाशीमला गेलो होतो. बाजारातून हौसेने डझनभर गावरान अंडी घेतली. सकाळी तिसरं अंडं फोडलं आणि बलकाबरोबर भांड्यात लाल रेघांचं जाळंच पडलं. शेजारी काकू उभी होती. आयुष्यभर शाकाहारी, डॉक्टरांनी प्रोटीनसाठी सांगितलं म्हणून चार महिन्यांपूर्वी नाक मुरडत अंडं खायला लागलेली. ती तडक बाहेर निघून गेली. आजी फक्त एवढंच म्हणाली, "उजेडात पाह्यलं नाही का रे?"

नाही पाहिलं. कधीच पाहिलं नव्हतं.

आजीच्या तरुणपणी मात्र हे रोजचं काम. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवायची. सात-आठ रात्रींनी कंदिलापुढे एकेक अंडं मुठीत धरून बघायचं. आत काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या कोळ्याच्या पायांसारख्या शिरा दिसल्या की ते परत कोंबडीखाली. नितळ दिसलं की रिकामं, ते बाजूला. एकविसाव्या दिवशी पिल्लं. (आमच्या हापिसात ज्याला टेस्टिंग म्हणतात ते बऱ्याचदा याहून ढिसाळ असतं.)

अंड्यात डोकावायची ही खोड फार जुनी. अॅरिस्टॉटलने जवळजवळ २३०० वर्षांपूर्वी वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून पाहिली आणि लिहून ठेवलं की तीन दिवसांनंतर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, तो धडधडतो, तेच हृदय.

आणि गंमत म्हणजे जे बघून काकू उठून गेली, नेमकं तेच बघून गिऱ्हाईक खूश होतं अशीही जागा आहे. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ पातेरोस नावाचं गाव 'बालुत'साठी प्रसिद्ध आहे. बालुत म्हणजे गर्भ वाढलेलं बदकाचं अंडं, उकडून मीठ लावून खायचं. बदकाचं पिल्लू बाहेर यायला २८ दिवस लागतात, बालुत साधारण १४ ते १८ दिवसांत काढतात. जुनी पद्धत अशी की भाताचे दाणे गरम करून पिशव्यांत भरायचे आणि त्यांच्या उबेत अंडी ठेवायची. मधेमधे दिव्यासमोर तपासणी. गर्भ नसलेली अंडी वेगळी काढून 'पेनॉय' नावाने विकतात. म्हणजे दिवा तोच, शिरा त्याच, फक्त निवड उलटी!

आपण ही नजर का विसरलो? कारण गरजच उरली नाही. पुण्यात बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची एनईसीसी उभी राहिली, आणि घराघरात फार्मचं अंडं आलं. तिथे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो. त्यामुळे ते अंडं महिनाभर उबेत ठेवा, सडेल, पण आत कोणी येणार नाही. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिलं, त्यात हाच मुद्दा आहे. ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी. मी काकूला हे सांगून पाहिलं. "गांधीजींनी स्वतः खाल्लं का?" मी गप्प.

असो. तर गावरान अंड्याची गोष्ट वेगळी. अंगणात कोंबडा असतोच. फळलेलं अंडं गारव्यात झोपून राहतं, साधारण २५ अंशांच्या वर गेलं की आतली वाढ हळूहळू सुरू होते. वाशीमचा मे चाळिशीच्या वर. वर पत्र्याचं छप्पर, आणि त्याआधी कोंबडी दोन-चार दिवस बसलेली असेल तर विचारूच नका. शिवाय अशी अर्धवट वाढ उन्हाने मरते आणि आत नुसतं रक्ताचं कडं उरतं.

म्हणून उन्हाळ्यात गावरान घेताना रोज अंडी गोळा करणाऱ्याकडूनच घ्यावीत, सावलीत ठेवलेली. पाण्यात टाकून बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण ती फक्त वय सांगते. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडतं, बोथट टोकाची हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं उभं राहतं किंवा तरंगतं. आत कोण आहे ते पाण्याला कळत नाही. त्याला उजेडच हवा. अंधाऱ्या खोलीत बोथट टोकाला मोबाईलचा टॉर्च लावायचा. पोकळी छोटी आणि बाकी सगळं एकसारखं पिवळसर, तर उत्तम. शिरा, कडं किंवा काळी सावली असेल तर नको. एखादाच छोटा लाल ठिपका मात्र फार्मच्या अंड्यातही निघतो, तो अंडं तयार होताना फुटलेल्या रक्तवाहिनीचा, गर्भाचा नाही.

दिवाळीला परत गेलो तेव्हा काकूला फार्मची अंडी आणून दिली. तरी तिने न्हाणीघराचा दिवा घालवला, मला आत बोलावलं आणि एकेक अंडं टॉर्चवर धरायला लावलं. प्रत्येकाला तोच प्रश्न, "यात कोणी नाही ना रे?"

बाराच्या बारा तपासून झाल्यावर तिने दोन उकडायला टाकली.