प्रतिमा सुलटी, जग उलटे

डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, हे केप्लरने 1604 साली मांडले. ते शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : मग आपल्याला जग सुलटे कसे दिसते? एकोणिसाव्या शतकात तज्ज्ञांमध्येही यावर वाद होता. सुलटे दिसायचे तर प्रतिमा उलटीच पडायला हवी, असे काहींचे म्हणणे होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रॅटनने हे तपासायला पडद्यावर सुलटी प्रतिमा पाडणारे साधन बनवले. एका नळीत सारख्याच नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे, आणि त्यांच्यामध्ये नाभीय अंतराच्या दुप्पट अंतर. वस्तू तेवढ्याच आकाराची दिसते, पण वर-खाली आणि डावे-उजवे, दोन्ही बदलते. (पुठ्ठ्याची नळी घेऊन जरूर करून पाहा, सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका. मी 10 सें.मी. नाभीय अंतराची भिंगे घेतली, नळी 20 सें.मी. झाली आणि जग फारच चिंचोळे दिसले. जास्त कमी नाभीय अंतराची भिंगे घेतल्यास नळी आखूड होते.) दोन डोळ्यांना दोन नळ्या लावल्या की ताण येई, म्हणून स्ट्रॅटनने नळी उजव्या डोळ्यावर बसवली आणि डावा झाकला. रात्री दोन्ही डोळे बांधून झोपायचे.

1896 साली प्रसिद्ध झालेला पहिला प्रयोग तीन दिवसांचा होता. 1897 सालचा आठ दिवस चालला. त्यात नळी एकूण 87 तास डोळ्यावर होती. सुरुवातीला मळमळे, भलताच हात पुढे येई. हळूहळू हालचाली सुधारल्या.

पुष्कळ पुस्तकांत पुढे लिहिलेले असते, 'काही दिवसांनी त्याला जग सुलटे दिसू लागले.' स्ट्रॅटनने इतके सरळ लिहिलेले नाही. दिसणाऱ्या दृश्यातच मन रमले की सारे सुलटे वाटे. आपल्या शरीराची जुनी जाणीव मनात आली की दृश्य पुन्हा उलटे. नळी काढल्यावर तो काही तास गोंधळला होता, पण जग उलटे झाले असे त्याला फारसे वाटले नाही.

पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एरिसमान आणि कोलर यांनी आरशाचे चष्मे केले. त्यात फक्त वर-खाली बदलते. चष्मा लावून माणसे सायकल चालवू लागली. 1999 साली जर्मनीतील संशोधकांनी चौघांवर असा प्रयोग केला. हातांना सवय लवकर झाली. दिसणे मात्र शेवटपर्यंत उलटेच राहिले.