यादी आत कशी न्यायची?

एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली, तेव्हा एक शिस्त घालून दिली: टेबलाच्या एका घरात एकच किंमत. पुढे स्टोअर्ड प्रोसिजरच्या, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञांच्या संचाच्या, पॅरामीटरलाही तीच सवय लागली. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर 1989 मध्ये आला तेव्हा त्यात प्रोसिजर होत्या, पण यादी स्वीकारणारा पॅरामीटर नव्हता. एक ग्राहक क्रमांक सुखाने आत जाई. दहा पाठवायचे म्हटले की अडचण.

मग प्रोग्रामरांनी स्वल्पविराम धरला. '3,7,12' अशी स्ट्रिंग पाठवायची. पण क्वेरीतल्या ‘इन’च्या कंसात तो पॅरामीटर ठेवला की डेटाबेस त्याला तीन आकडे मानत नाही, एकच अखंड मजकूर मानतो. नवशिका इथे हमखास अडखळतो. त्यावर तोड म्हणून क्वेरीच स्ट्रिंग जोडून तयार करण्याची पद्धत पडली. बाहेरून आलेला मजकूर असा सरळ आज्ञेत मिसळणं म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडं ठेवणं. तरी कित्येक वर्षं ते बिनदिक्कत चाललं. सावध मंडळी लूप फिरवून स्ट्रिंग तोडत आणि तुकडे तात्पुरत्या टेबलात भरत. स्ट्रिंगलाही मर्यादा होतीच: 1998 च्या 7.0 आवृत्तीआधी व्हारकॅरमध्ये 255 अक्षरं, तिच्यापासून 8000. 2000 च्या आवृत्तीत स्वतःचं फंक्शन लिहिता येऊ लागलं आणि ज्याला त्याला आपापलं ‘स्प्लिट’ सुचलं. स्वीडनचे अर्लंड सोमरस्कोग यांनी या एकाच प्रश्नावर लांबलचक लेख लिहून पद्धतींचा वेग मोजून दाखवला. एवढ्या साध्या कामासाठी एवढी मेहनत लागावी, यातच सगळं आलं. मधल्या काळात एक्सएमएलचा मार्गही निघाला. चालतो, पण चार आकड्यांसाठी एवढा पसारा कोण मांडणार?

खरं उत्तर 2008 मध्ये आलं: टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर. आधी टेबलाचा प्रकार जाहीर करायचा, मग अख्खं टेबलच पाठवायचं. प्रोसिजरच्या आत ते फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. माझ्या मते कॉड यांच्या शिस्तीला धरून असलेला मार्ग हाच. अनेक किमती ठेवायला टेबल पहिल्यापासून होतंच. ते आत न्यायची सोय तेवढी नव्हती.

तरी स्वल्पविराम हटला नाही. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ‘स्ट्रिंग स्प्लिट’ हे तयार फंक्शन दिलं, तेही तुकड्यांच्या क्रमाची हमी न देता. क्रमांक मागण्याची सोय 2022 च्या आवृत्तीत आली.