ताऱ्यांची स्पंदने : सूर्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारे शास्त्र

सूर्यासारख्या ताऱ्यांच्या नैसर्गिक कंपनांवरून त्यांच्या अंतरंगाचा वेध घेणाऱ्या शाखेला तारकाकंपशास्त्र म्हणतात. केवळ सूर्यापुरता असा अभ्यास म्हणजे सौरकंपशास्त्र. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या पोटातील थर ओळखले जातात. तेच तत्त्व येथे लागू पडते.

सूर्याच्या पृष्ठभागालगत खदखदणाऱ्या वायूमुळे ध्वनिलहरी निर्माण होतात. त्या आत शिरून पुन्हा परततात आणि पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वर-खाली होतो. अमेरिकेतील रॉबर्ट लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६०च्या दशकारंभी ही स्पंदने आढळली. ध्वनीचा वेग वायूच्या तापमानावर व घटकांवर अवलंबून असल्याने, कंपनांच्या वारंवारतेवरून आतील स्थितीचे गणित मांडता येते.

या गणिताची खरी कसोटी न्यूट्रिनोंच्या कोड्याने पाहिली. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा बरेच कमी मिळत होते. मग सूर्याचा गाभा मानला जातो त्याहून थंड आहे काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी १९९५ मध्ये कंपनांच्या आधारे गाभ्याच्या तापमानाच्या मर्यादा निश्चित केल्या. हे तापमान सुमारे दीड कोटी अंशांचे असून, सूर्याची प्रतिमाने ढोबळमानाने योग्य असल्याचे अशा संशोधनातून स्पष्ट होत गेले. दोष सूर्याच्या गणितात नव्हता. न्यूट्रिनोच वाटेत आपला प्रकार बदलत होते. कॅनडातील सडबरी वेधशाळेच्या निरीक्षणांनी २००१-०२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

सूर्याचे निरीक्षण अखंड चालावे म्हणून १९९५ मध्ये जगभरातील सहा केंद्रांचे ‘गाँग’ जाळे कार्यरत झाले. उदयपूर हे त्यांपैकी एक केंद्र.

दूरचे तारे बिंदुवत दिसतात आणि कंपनांमुळे त्यांच्या तेजात होणारा बदल दशलक्षात काही भाग इतकाच असतो. २००९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या केप्लर दुर्बिणीने तो टिपला. वारंवारतांमधील मोठ्या अंतरावरून ताऱ्याची सरासरी घनता कळते, तर सूक्ष्म अंतरावरून गाभ्यातील हायड्रोजन किती सरला, म्हणजेच ताऱ्याचे वय, उमगते. हंस तारकासमूहातील ‘१६ सिग्नी’ या जोडताऱ्यांचे वय याच पद्धतीने सुमारे सात अब्ज वर्षे ठरले. त्यांपैकी एका ताऱ्याभोवती ग्रह फिरतो. ताऱ्याचे वय कळले की त्याच्या ग्रहाचेही कळते.