काश्मिरी गालिचा आधी उलटून पाहा
काश्मिरी गालिचा घ्यायचा असेल तर आधी तो उलटा करा. हाताने विणलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही स्पष्ट दिसते, एकेक गाठ मोजता येते. चौरस इंचात गाठी जितक्या जास्त, तितकं काम बारीक. कारागीर ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीतला कागद वाचून गाठी मारतात. तरी हातच तो, कुठे ओळ किंचित वाकडी होतेच, आणि आपण नेमकी तीच खोट समजतो! पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर गाठींचं काम नाही असं समजा. झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे, नकली मालात ती वरून शिवलेली असते.

रेशमात मात्र आम्ही स्वतः फसलो. आपाच्या लग्नासाठी घेतलेल्या ‘रेशमी’ गालिच्याचा धागा नंतर जाळून पाहिला, तर कागद जळल्याचा वास. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांत चुरडते. दुकानदार एक धागा जाळू देत नसेल तर सरळ उठा. २०२२ पासून तपासून प्रमाणित केलेल्या काश्मिरी गालिच्यांना जीआयचं क्यूआर कोडवालं लेबल मिळतं. पैसे देण्याआधी ते मोबाइलवर तपासा आणि पक्कं बिल घ्या, त्यावर ‘रेशीम’ लिहून घ्या. आम्ही तेच विसरलो होतो.