जबड्याचा सांधा आणि मज्जातंतूची वाट

खानदेशच्या पूर्व भागात, तापीच्या दक्षिणेस वसलेल्या वरणगावासारख्या गावाचा इतिहास लिहावयास बसले, म्हणजे लेखणी आपोआप ठरलेल्या टप्प्यांवरून चालू लागते: १८६७ मध्ये भुसावळहून नागपुरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला, १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगावास पूर्व खानदेशची कचेरी आली, १९६४ मध्ये गावाजवळ दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. जमाबंदी, सनदा, हद्दीचे कज्जे, आगगाडी आणि कारखाने यांची नोंद सरकारी दफ्तरात सहज होते. परंतु त्याच गावातील एखाद्या गृहस्थाचा जबडा मोठी जांभई देताना निखळला, किंवा एखाद्या बाईची दाढ रात्रभर ठणकली, तर त्यांनी कोणाचे दार ठोठावले, आणि त्या दारातील माणसास मुखाच्या आतील रचनेचे कितपत ज्ञान होते, याची नोंद कोणताही कुळकर्णी करीत नव्हता. हा इतिहास वैद्यांच्या पोथ्यांतून आणि पुढे इस्पितळांच्या व महाविद्यालयांच्या वृत्तांतून वेचावा लागतो. आणि तो वेचू लागले म्हणजे असे दिसते, की जबड्याचा सांधा आपल्या लोकांस फार पूर्वीपासून अवगत होता, पण त्याच सांध्याच्या आतल्या अंगाने जाणारा आणि दातांस वेदना देणारा मज्जातंतू अगदी अलीकडे सापडला.

गावगाड्यात या कामाची वाटणी ठरलेली होती. हलणारा दात उपटणे, फोड कापणे ही कामे न्हाव्याकडे असत. तुंबडी आणि जडीबुटी घेऊन फिरणारा वैदू वर्षातून कधीतरी गावाबाहेर पाल ठोकी. मोडलेले हाड किंवा निखळलेला सांधा बसविण्यासाठी हाडवैद्याकडे जावे. आणि पोथी वाचलेला वैद्य नाडी पाहून काढे, चूर्णे व तेले देई. हातात कसब असलेला मनुष्य आणि ग्रंथ जाणणारा मनुष्य हे बहुधा एक नसत. तरीही जबड्याच्या बाबतीत हाताचे ज्ञान आणि ग्रंथाचे ज्ञान यांत विलक्षण मेळ होता, आणि त्याचे कारण प्राचीन संहितांतच सापडते.

सुश्रुताने शरीरातील सांध्यांचे आकारावरून आठ प्रकार केले, आणि त्यांतील ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा, हा प्रकार जबड्याच्या दोन्ही बाजूंस सांगितला. दात मात्र त्याने उखळीच्या वर्गात, ‘उलूखल’ संधीत घातले, कारण खळग्यात मुसळ उभे राहावे तसे ते हिरडीखालच्या हाडात रोवलेले असतात. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘हनुमोक्ष’, म्हणजे जबड्याचा सांधा सुटणे, या विकाराची गणना सुश्रुताने हाडांच्या किंवा सांध्यांच्या रोगांत न करता दातांच्या आठ रोगांत केली. दात आणि सांधा हे एकाच चर्वणयंत्राचे दोन भाग होत, ही दृष्टी त्या वर्गीकरणात आहे. हाडांच्या मोजणीत मात्र संहितांचे एकमत नव्हते: सुश्रुत हनूची हाडे दोन मानतो, तर चरक हनूचे हाड एकच सांगून त्याच्या मुळाची दोन बंधने वेगळी मोजतो. हा वाद केवळ भारतीय नव्हता. ग्रीक वैद्य गॅलेन याने खालचा जबडा दोन हाडांचा मानला होता, आणि त्याच्या शब्दास शतकानुशतके कोणी आव्हान दिले नव्हते. इसवी सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला असता, बगदादचा वैद्य अब्द अल्-लतीफ याने उघड्यावर पडलेले असंख्य सांगाडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले, की मनुष्याचा खालचा जबडा एकसंध असतो.

निखळलेला जबडा बसविण्याची रीत मात्र सर्वत्र एकच होती. चरकाने वातव्याधींच्या प्रकरणात सांगितले आहे, की तोंड उघडे राहून गेले असता प्रथम जबडा शेकून मऊ करावा, मग दोन्ही अंगठ्यांनी तो खाली दाबावा, तर्जनींनी उचलावा आणि हनुवटी वर न्यावी. इजिप्तमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रवैद्यकाच्या पपायरसवर आणि हिपॉक्रेटिसच्या सांध्यांवरील ग्रंथात हाच प्रयोग थोड्याफार फरकाने आढळतो. आजही अपघात विभागातील डॉक्टर हेच करतो, फक्त अंगठ्यांस कापडाचा वेढा देतो, कारण सांधा जागेवर बसताच दातांची पकड झटक्याने मिटते. वाग्भटाने या विकाराची कारणे सांगताना जीभ फार खरवडणे, कोरडे कठीण पदार्थ चावणे आणि मार लागणे यांचा उल्लेख केला आहे. त्याच्या ‘अष्टांगहृदया’वर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका रचली. खानदेश त्या काळी यादवांच्या सत्तेखाली असल्यामुळे या भागातील वैद्यपरंपरेस हा ग्रंथ परका नसावा, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी ‘अष्टांगहृदय’ मुंबईत छापून काढले तेव्हा पोथीतील ज्ञान पुन्हा ग्रामवैद्याच्या हाती आले.

अंगठ्यांचा हा प्रयोग यशस्वी का होतो, हे सांध्याची घडण पाहिल्यावर उमगते. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले, तर कातडीखाली काहीतरी पुढे सरकल्याचे जाणवते. खालच्या हनूच्या फांदीचे गोलसर टोक कवटीच्या खळग्यात बसलेले असते आणि त्या दोहोंमध्ये तंतुमय चकती असते. तोंड थोडे उघडताना हे टोक जागच्या जागी फिरते. अधिक उघडताना ते चकतीसह पुढे घसरून खळग्यापुढील उंचवट्याखाली येते. फिरणे आणि घसरणे अशा दोन्ही गती, त्याही डाव्या-उजव्या बाजूंस एकसमयावच्छेदेकरून, करणारा हा सांधा आहे. जांभईच्या भरात टोक उंचवट्याच्या पलीकडे गेले, की चर्वणाचे बलवान स्नायू आखडून त्यास तिथेच अडवून धरतात. म्हणून आधी खाली दाबून त्यास उंचवट्यातून सोडविल्याखेरीज मागे लोटण्यात अर्थ नसतो. प्राचीन वैद्यास चकती ठाऊक नव्हती, पण त्याच्या अंगठ्यास उंचवटा ठाऊक होता.

मज्जातंतूंच्या बाबतीत स्थिती वेगळी. सुश्रुताने वरचा, मुळाशी घट्ट असलेला दात उपटू नये, इतकेच नव्हे तर हलत असला तरी काढू नये, असा कडक निषेध केला. कारण त्याच्या मते अतिरिक्त रक्तस्रावाने मनुष्य एका डोळ्याने अंध होतो, किंवा त्यास अर्दित, म्हणजे तोंड वाकडे होण्याचा विकार जडतो. वरच्या दातांच्या मुळांजवळ वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळी असते आणि तेथील दुष्ट संसर्ग डोळ्यापर्यंत व मेंदूच्या तळापर्यंत पोचू शकतो, हे आज ज्ञात असल्यामुळे या निषेधामागे प्रत्यक्ष पाहिलेली दुर्दैवी उदाहरणे असावीत, असे मानण्यास जागा आहे. मात्र कारणाची साखळी त्यास दिसली नव्हती, आणि ती दिसणे कठीणही होते: त्याने सांगितलेल्या शवपरीक्षेत प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्यांनी एकेक थर घासून काढावयाचा असे. या रीतीत हाडे, सांधे आणि जाड स्नायुबंध स्पष्ट उरतात. पण हाडाच्या नळीतून धावणारा सुतासारखा तंतू कुंचल्याबरोबर निघून जातो. ज्या रीतीने पाहावे तेवढेच दिसते, हा नियम शरीरशास्त्रासही लागू आहे.

तो तंतू सुरीने दिसला. युरोपात अठराव्या शतकात, दातांस संवेदना देणाऱ्या पाचव्या मस्तिष्कतंतूच्या गाठीस व्हिएन्नाच्या गासरचे नाव त्याच्या शिष्याने १७६५ मध्ये दिले. १८२१ मध्ये चार्ल्स बेल याने चेहऱ्याची हालचाल करणारा तंतू आणि चेहऱ्याची संवेदना वाहणारा तंतू हे भिन्न असल्याचे प्रतिपादले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि तेथील शवविच्छेदनगृहात मराठी विद्यार्थ्यांनी हे तंतू प्रथमच आपल्या हातांनी सोलून पाहिले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. तेच पुढे खानदेशात चाळीसगावनजीक पाटण येथील यादवकालीन शिलालेख उजेडात आणणारे संशोधक झाले. दगडावरची झिजलेली अक्षरे आणि मांसाखालचे सूक्ष्म तंतू ही दोन्ही एकाच पिढीने, आधीच्या ऐकीव वचनांवर न विसंबता वाचावयास घेतली, यात त्या शतकाची वृत्ती दिसते.

पाचव्या तंतूच्या तीन शाखांपैकी तिसरी कवटीतून खाली उतरते आणि तिची एक उपशाखा खालच्या हनूच्या आतल्या बाजूच्या छिद्रातून हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून जाते, आणि अखेरीस उपदाढांच्या खालील छिद्रातून बाहेर पडून ओठ व हनुवटीस संवेदना देते. वरच्या जबड्याचे हाड पातळ व सच्छिद्र असल्याने दाताशेजारी टोचलेले औषध त्यात झिरपते. खालच्याचे हाड जाड असल्याने तेथे ही युक्ती चालत नाही, आणि तंतू हाडात शिरण्यापूर्वीच त्यास गाठावे लागते. कोकेनने डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने १८८४ मध्ये दाखविल्यावर काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड आणि हॉल या शल्यवैद्यांनी हा तंतू गाठला. हॉल्स्टेड मात्र स्वतःवरील प्रयोगांत त्या औषधाच्या व्यसनात सापडला. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आणि १९४० नंतर लिग्नोकेन आल्यावर दात काढणे हे धैर्याचे कृत्य उरले नाही. या कृतीतील एक अपघात मोठा बोधप्रद आहे. सुई फार मागे गेली तर ती कानापुढील लालाग्रंथीत शिरते, तेथून जाणारा चेहऱ्याचा तंतू बधिर होतो आणि काही तास रोग्याचे तोंड वाकडे राहते. सुश्रुताने ज्याचे भय घातले ते अर्दित असे अल्पकाळासाठी दंतवैद्याच्या खुर्चीवरही उभे राहते. फरक इतकाच, की आज त्याचा मार्ग ठाऊक आहे.

या ज्ञानास संस्थेचे रूप येण्यास वेळ लागला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली, आणि तिच्या दुसऱ्या भागात पदवी नसूनही वर्षानुवर्षे हा धंदा केलेल्यांस सामावून घेण्यात आले. परंपरेच्या कारागिरास कायद्याने दिलेली ती अखेरची सनद होती. सुश्रुताच्या वर्गीकरणातील सांध्याचे आणि दाताचे नातेही याच काळात पुन्हा जुळले: १९३४ मध्ये सेंट लुईसचा कर्णतज्ज्ञ कॉस्टेन याने कानदुखी व जबड्याचा बिघाड यांचा संबंध दाढा पडण्याशी जोडला. त्याची उपपत्ती पुढे बरीच सुधारावी लागली; तथापि सांध्यास आणि कानापुढील त्वचेस एकच तंतू संवेदना देत असल्याने सांध्याचे दुखणे कानात जाणवते, ही गोष्ट टिकून राहिली.

परंतु खानदेशच्या आजच्या दवाखान्यांत तोंड न उघडण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणाचा सांधा पुष्कळदा निर्दोष असतो. सुपारी व गुटखा सतत गालात धरल्याने मुखाची आतली त्वचा तंतुमय होऊन आवळत जाते. या विकाराचे १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यास आज रूढ असलेले नाव दिले. पुढे त्यातून कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. येथे अंगठ्यांचा प्रयोग निरुपयोगी, कारण काहीच निखळलेले नाही. आणि तंतूपर्यंत नेहमीच्या वाटेने सुई पोचत नाही, कारण तोंडच उघडत नाही. १९६० मध्ये वझिरानी व १९७७ मध्ये अकिनोसी यांनी मिटल्या दातांतून सुई नेण्याची जी रीत सांगितली, तीच अशा वेळी कामी येते. महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण सवय ही हुकूमनाम्याने सुटत नाही. प्राचीन वैद्यांनी रोगाचे कारण टाळणे हाच चिकित्सेचा सारांश मानला होता. सांध्यासाठी अंगठे सापडले, तंतूसाठी सुरी व सुई सापडली. या तिसऱ्या विकारासाठी मात्र अद्याप त्या जुन्या नियमाहून खात्रीचे साधन सापडलेले नाही, आणि ते वैद्याच्या हातात नसून रोग्याच्या हातात आहे.