पहिल्या तीन महिन्यांतला रक्तस्राव: दोष कोणाचा?

दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून रक्त गेलं, की घरात विचारतात, "काय जड उचललंस? पपई खाल्लीस का?" हा संशय किती जुना आहे आणि तो कसा फिटला, ते आज सांगतो.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंतचा गर्भ पडला तर 'स्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पडला तर 'पात' म्हटलं आहे. कारणं दिली आहेत ती प्रवास, धावणं, पडणं, मार लागणं अशी, म्हणजे बाहेरून दिसणारी. पोटात डोकावण्याची सोय नव्हती, त्यामुळे बाईच्या वागण्यावरच नजर जायची.

रक्त एकच दिसलं तरी कारणं वेगळी असतात. कधी गर्भ नलिकेत रुजतो आणि नलिका फुटते. पूर्वी यात बाई बहुधा दगावायची. 1883 साली बर्मिंगहॅममध्ये लॉसन टेट यांनी पोट उघडून अशी फुटलेली नलिका बांधली आणि रुग्ण वाचली.

पण पोट न उघडता कसं ओळखायचं? ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र पोटावर वापरून पाहिलं. 1958 साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे भरलेल्या मूत्राशयातून लवकरचा गर्भही दिसू लागला. 1972 मध्ये तिथल्याच ह्यू रॉबिन्सन यांनी सातव्या आठवड्यापासून हृदयाचे ठोके टिपता येतात, हे दाखवलं. रक्त गेलं म्हणजे सगळं संपलं, हा समज इथे मोडला. ठोके दिसले, तर बहुतेक गर्भ टिकतात.

आणि जे टिकत नाहीत? माणसात गुणसूत्रं 46 असतात, हे 1956 साली ठरलं. नंतर पडलेल्या गर्भांची गुणसूत्रं तपासली, तेव्हा पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत त्यांची संख्याच चुकलेली निघाली. ही चूक बहुधा बीज तयार होतानाच घडते. तिला हंडा उचलणं कारण नाही, जिना चढणंही नाही.

म्हणून मी दोन गोष्टी सांगेन. रक्त दिसलं तर थोडंच आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त फार जात असेल, तर लगेच दवाखाना गाठा. आणि घरच्यांनो, "काय केलंस?" असं विचारण्याआधी तिच्याबरोबर निघा.